पद्मिनी आणि स्विफ्ट, एकाच पार्किंगमध्ये: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांनी घेतलेली, आणि दुसरी २०२४ ची स्विफ्ट, आमच्या दोघांच्या पगारातून घेतलेली. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी शेजारी उभ्या असतात त्यामुळे येणारा जाणारा काही ना काही विचारतोच, आणि तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. दोन्ही गाड्या मी स्वतः चालवतो. पद्मिनीचं बरंचसं काम मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून शिकलोय, त्यामुळे खाली जे आहे ते बहुतेक हाताखालून गेलेलं आहे.

चाळीस वर्षांचं अंतर असलेल्या गाड्यांची तुलना करण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि मला वाटतं ही जोडी तुलनेला जितकी चांगली आहे तितकी दुसरी मिळणं अवघड. आकडे बघा. पद्मिनीची लांबी ३९३० मिमी, स्विफ्टची ३८६० मिमी, म्हणजे जुनी गाडी उलट ७ सेंटिमीटरने लांब. वजन दोन्हींचं ९०० किलोच्या आसपास. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, स्विफ्टचं ११९७. पेट्रोलची टाकी एकीची ३८ लिटर, दुसरीची ३७. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला तर चाकं पण १४ इंचीच आहेत, पद्मिनीसारखी. म्हणजे कागदावर या सख्ख्या बहिणी वाटाव्यात, पण एकीतून उतरून दुसरीत बसलं की कळतं की त्याच वजनाच्या लोखंडाचं चाळीस वर्षांत माणसांनी काय काय केलंय.

ठळक फरक रुंदीत आहे. पद्मिनी १४६० मिमी, स्विफ्ट १७३५. साडेसत्तावीस सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक वीत आणि वर चार बोटं. म्हणून पेठेतल्या बोळात पद्मिनी आरामात जाते आणि स्विफ्टचे आरसे मिटावे लागतात, पण मागे तीन मोठी माणसं बसवली की पद्मिनीत खांद्याला खांदा घासतो.

ही व्हिंटेज कार आहे का?

सगळे प्रेमाने व्हिंटेज म्हणतात, पण नाही. जगभरातले जाणकार साधारण १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणतात, नंतरच्या चांगल्या जुन्या गाड्या त्या क्लासिक. आपल्याकडे कायद्याची व्याख्या वेगळी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला, त्यानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पद्मिनी हे नाव आलं १९७४ मध्ये, म्हणजे अगदी पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी गाठतायत. आमचीला २०३४ पर्यंत थांबावं लागेल.

तरी व्हिंटेज नोंदणीची घाई करू नका असं माझं मत आहे. त्या नोंदणीत नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आणि मुख्य म्हणजे गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. ज्याला रविवारी सकाळी गाडी काढून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचंय त्याच्यासाठी ही नोंदणी नाही.

फियाट म्हणायचं की प्रीमियर? आणि डुक्कर फियाट ती हीच का?

डुक्कर फियाट वेगळी, आधीची. पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची फियाट ११००, तिचा तोंडवळा आणि बसकी गोलाई बघून आपल्या लोकांनी तिला ते नाव ठेवलं, पुढचे दरवाजे उलटे उघडायचे तिचे. त्यानंतर १९६४ मध्ये आली ती चौकोनी फियाट ११०० डी, लोक डिलाइट म्हणायचे, तीच गाडी मध्ये थोडा काळ प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. बनवायची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेली कंपनी, कारखाना कुर्ल्याला. इटलीत या मॉडेलचं आयुष्य साठच्या दशकातच संपलं आणि कुर्ल्यात ते जवळजवळ २००० सालापर्यंत चाललं. घरात मात्र अजूनही सगळे "फियाट काढ" असंच म्हणतात, आणि मी पण.

जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो, म्हणजे ती जास्त सेफ ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचंच उत्तर लोकांना पटत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोक काय करतात, पद्मिनीच्या बॉनेटवर टकटक करतात, मग स्विफ्टच्या, आणि म्हणतात बघा, आवाजच सांगतो. पत्रा जाड आहे हे खरं आहे. छोट्या धक्क्यात, म्हणजे पार्किंगमध्ये कुणी स्कूटर टेकवली वगैरे, पद्मिनीला काही होत नाही, हे पण खरं. पण मोठ्या अपघातात गाडी वाचणं आणि आतलं माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६० च्या वेगाने गाडी जाऊन भिंतीवर आदळली तर ती ६० ची सगळी ताकद कुठेतरी जिरावी लागते. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवलेला असतो, तो चुरगळताना वेळ जातो, गाडी थांबायला थोडं जास्त अंतर मिळतं, आणि माणसं बसतात तो पिंजरा मात्र कडक स्टीलचा असतो. जुन्या गाडीत असा विचारच नव्हता. पुढचा भाग तितका चुरगळत नाही म्हणून धक्का सरळ आत येतो, स्टिअरिंगचा दांडा एकसंध लोखंडी, तो छातीच्या दिशेने मागे सरकतो, आणि डॅशबोर्ड पण पत्र्याचाच.

बेल्टचं बघा. आपल्याकडे पुढच्या सीटला बेल्ट बसवणं कारखान्यांना सक्तीचं झालं १९९४ पासून. आमच्या गाडीला १९८४ मध्ये बेल्ट नव्हतेच. मी नंतर पुढे दोन बसवून घेतले, खांबाला आणि जमिनीला आतून जाड पट्ट्या वेल्ड करून, कारण नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर झटक्यात तो पत्रा फाडून बाहेर येतो. स्विफ्टला सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी एबीएस, आणि गाडी घसरायला लागली तर स्वतःहून एकेका चाकाला ब्रेक लावणारी ईएसपी.

म्हणून घरात नियम आहे की एक्सप्रेस हायवेवर पद्मिनी न्यायची नाही आणि तिच्यात लहान मुलं घेऊन शहराबाहेर जायचं नाही. कुणी कितीही म्हणो की आमच्या आजोबांनी तर हिच्यातून सात जण बसवून तुळजापूर केलं. केलं असेल, पण तेव्हा शेजारून १०० ने एसयूव्ही जात नव्हत्या.

ब्रेकमध्ये किती फरक आहे?

खूप. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आणि बूस्टर नाही, म्हणजे जेवढा पाय दाबाल तेवढंच. स्विफ्टला पुढे डिस्क आहेत, मागे ड्रमच आहेत, पण बूस्टर आणि एबीएस असल्यामुळे बोटाच्या जोराने थांबते. स्विफ्टवरून थेट पद्मिनीत बसलं की पहिल्या सिग्नलला पोटात गोळा येतो. पाय ठेवलाय पण गाडी चाललीच आहे असं वाटतं.

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतात आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे बाबांचं वाक्य, आणि ते आजही तसंच लागू आहे. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलाच, ते हवेतलं पाणी ओढतं.

इंजिन जवळजवळ तेवढंच, मग ताकद निम्मी का?

पद्मिनीचं इंजिन साधारण ४० बीएचपी देतं, स्विफ्टचं ८० च्या आसपास, आणि गंमत म्हणजे पद्मिनीला चार सिलेंडर आहेत आणि नव्या स्विफ्टला तीनच. कारण इंजिन किती हवा आत घेऊ शकतं आणि तिच्यात पेट्रोल किती नेमकं मिसळतं यावर सगळं आहे. पद्मिनीला प्रत्येक सिलेंडरला दोनच व्हॉल्व्ह, खालच्या कॅमशाफ्टवरून लांब पुशरॉडने उघडणारे, आणि पेट्रोल मिसळायला कार्बोरेटर, जो हवेच्या ओढीवर अंदाजाने काम करतो. सकाळी थंडी असली काय, दुपारी ४० डिग्री असली काय, त्याला कळत नाही, ते तुम्हाला चोक ओढून सांगावं लागतं. स्विफ्टला सिलेंडरमागे चार व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट वरच्या बाजूला, आणि किती पेट्रोल सोडायचं हे कॉम्प्युटर क्षणाक्षणाला ठरवतो.

पण एक सांगतो, पद्मिनीचं इंजिन खालच्या वेगात फार गोड आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वर सोडून द्या, ती कुरकुर न करता चालत राहते, आणि चार सिलेंडरचा तो एकसारखा आवाज स्विफ्टच्या तीन सिलेंडरला नाही येत.

ॲव्हरेज किती देते?

पद्मिनी माझ्याकडे शहरात १२, बाहेर १४ पर्यंत. स्विफ्टचा कंपनीचा आकडा मॅन्युअलला २४.८ आहे, मला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये १७-१८ मिळतं आणि हायवेला २२. पेट्रोल शंभर रुपये धरलं तर शहरात पद्मिनी किलोमीटरला सव्वाआठ-साडेआठ रुपये आणि स्विफ्ट साडेपाच-पावणेसहा. वर्षाला मी पद्मिनी दीड हजार किलोमीटर चालवतो त्यामुळे पेट्रोलचा फरक जाणवत नाही, पण रोज ऑफिसला नेणार असाल तर जाणवेल.

धुराचं पण सांगायला हवं. पद्मिनीला धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, तो आपल्याकडे १९९५ पासून आला आणि तो पण आधी चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना. पीयूसीला जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस ४ पासूनच्या गाड्यांना ०.३ टक्के. दहा पट. तिच्यामागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात हे मी नाकारत नाही, आणि म्हणूनच ती रोजची गाडी नसावी असं मला मनापासून वाटतं.

ई२० पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

हळूहळू होते, लक्ष नाही दिलं तर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे पाइप, सील त्याला टिकतील असेच असतात, त्यामुळे स्विफ्टला चिंता नाही. पद्मिनीचं रबर त्या काळचं. इथेनॉलने जुने रबर पाइप फुगतात, मऊ पडतात, फ्युएल पंपाचा पडदा जातो, आणि इथेनॉल पाणी धरतं त्यामुळे पत्र्याची टाकी आतून गंजते.

मी तीन गोष्टी केल्या. सगळे पेट्रोल पाइप नवे, इथेनॉलला चालणारे टाकले. टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर लावला, त्यात तांबूस कचरा दिसायला लागला की समजायचं टाकी गंजतेय. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवत नाही, फुल्ल भरतो, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते. इथेनॉलमुळे मिश्रण जरा पातळ होतं म्हणून मिस्त्रींनी कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते बारीक भोक, एक नंबर मोठा टाकला, तेव्हापासून थंड इंजिनचा झटका गेला.

शिसंवालं पेट्रोल बंद झालं तेव्हा पण असंच झालं होतं, २००० साली. शिसं व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागेला जपायचं, ते गेलं की ती जागा झिजते. हेड उघडलंच कधी तर कडक सीट बसवून घ्या.

घाटात गरम होऊन बंद पडते ना?

पडते, पण बहुतेक वेळा इंजिन गरम होऊन नाही, पेट्रोल गरम होऊन. फ्युएल पंप इंजिनच्याच अंगावर बसवलेला असतो, उन्हात चढणीला तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. याला वेपर लॉक म्हणतात.

मी सातवीत असताना खंबाटकीच्या चढाला मे महिन्यात दुपारी गाडी फडफड करून थांबली. आई आणि आम्ही दोघं भावंडं कठड्याच्या सावलीला. बाबांनी बॉनेट उघडलं, घाई काही नाही, खांद्यावरचा पंचा काढला, तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि पिळून त्या वाटीएवढ्या पंपावर घडी करून ठेवला. चर्र असा आवाज आला आणि वाफ निघाली. मग पुन्हा पाणी, पुन्हा घडी. तिसऱ्या वेळेला आवाज आला नाही. बाबा म्हणाले आता बसा. दहा-बारा मिनिटांत गाडी सुरू झाली आणि पंचा तसाच पंपावर ठेवून आम्ही घाट चढलो. तो पंचा पुढे कायम डिकीतच राहिला, काळा पडलेला, पेट्रोलचा वास येणारा. आज माझ्या गाडीत त्याच कामाला एक जुना टॉवेल आहे, आणि पंप आणि ब्लॉकच्या मध्ये मिस्त्रींनी जाड पॅकिंग टाकलंय, त्यामुळे गेल्या चार उन्हाळ्यात लागला नाही.

स्विफ्टचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून तिला हा प्रकार माहीतच नाही. एसी लावून खंबाटकी चढते आणि काटा हलत नाही.

मग जास्त बंद कुठली पडते?

पद्मिनी. यात वादच नाही. पण ती बंद पडली की का पडली ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. इंजिन बंद पडायला दोनच मोठी कारणं, पेट्रोल येत नाही किंवा करंट येत नाही. डेल्को म्हणजे प्लगना करंट वाटणारा डबा, त्याचं झाकण काढायचं, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, प्लग काढून पुसायचे, पाइप काढून पेट्रोल येतंय का बघायचं. डिकीत एक पाना सेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, जास्तीचा कंडेन्सर आणि फॅन बेल्ट असला की शंभरातल्या ऐंशी वेळा घरी येता येतं.

स्विफ्ट आतापर्यंत एकदाच अडली. पावसाळ्यात पार्किंगमध्ये उंदराने एक वायर कुरतडली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा, गाडी वेगच घेईना. कुठली वायर ते मला दिसत होतं, हाताला लागत होतं, पण सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं की पूर्ण वायरिंगचा सेट बदलावा लागेल, बिल चौदा हजार. एक वायर जोडून द्या म्हटलं तर नाही म्हणाले, तसं केलं तर वॉरंटी जाईल. मला याचं खरंच वाईट वाटलं, कारण गाडीचा दोष काहीच नव्हता. आता बॉनेटखाली जाळी लावलीये आणि तंबाखूच्या पुड्या टांगल्यात.

पद्मिनीचे पार्ट मिळतात का अजून?

मिळतात. क्लच प्लेट, ब्रेक शू, वॉटर पंप, पॉइंट, टाय रॉड, किंगपिनचा सेट हे सगळं पुण्यात नाना पेठेत विचारलं तर मिळतं, मुंबईत तर जास्तच, कारण तिथे इतक्या टॅक्स्या होत्या. अवघड जातं ते दिसणारं सामान. मूळ ग्रिल, दरवाजाची हँडल, मीटर, टेल लॅम्पची काच. हे कुठे दिसलं की लागत नसलं तरी घेऊन ठेवा. मी बंपरची एक जोडी जुन्या बाजारातून तीन वर्षं पाळत ठेवून मिळवली.

नव्या रबरी मालाचा दर्जा मात्र खूप कमी-जास्त आहे. दुकानदाराला दोन तऱ्हेचे दाखवायला सांगा आणि महागातला घ्या.

पंधरा वर्षांवरची गाडी महाराष्ट्रात चालवता येते का? स्क्रॅप करावी लागेल ना?

येते. नुसत्या वयावरून खासगी गाडीवर बंदी दिल्लीकडे आली, पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षं, ती आपल्याकडे नाही. इथे १५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, विमा आणि पीयूसी चालू ठेवायचं. नूतनीकरणाची फी मात्र वाढत चाललीये, २०२२ पासून चारचाकीला ५,००० होती आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. जाण्याआधी हॉर्न, वायपर, सगळे दिवे, हँडब्रेक चालतात का बघा, गाड्या परत पाठवतात त्या इंजिनमुळे नाही, अशा बारीक गोष्टींमुळे.

विम्यात एक लक्षात ठेवा. जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, अगदी कमी धरतात, त्यामुळे फुल इन्शुरन्स काढला तरी चोरी झाली तर हातात फार काही येत नाही. थर्ड पार्टी तर सक्तीचाच आहे.

मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी बंद झाल्या म्हणजे ही गाडी बेकायदेशीर झाली का?

नाही हो. ती टॅक्सीची वयोमर्यादा होती, २० वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. खासगी गाड्यांना ते लागू नाही. पण त्या आठवड्यात मला सात-आठ जणांनी फोन करून विचारलं की आता तुमच्या गाडीचं काय, आणि दोघांनी तर विकत मागितली.

एसी, पॉवर स्टिअरिंग, नवं इंजिन टाकून घेऊ का?

माझं ठाम मत, इंजिन बदलू नका. चाळीस बीएचपीसाठी बनवलेल्या ब्रेकवर आणि पाट्यांच्या स्प्रिंगवर दुप्पट ताकद टाकायची म्हणजे धोका विकत घ्यायचा, शिवाय आरसी बुकावरचा इंजिन नंबर बदलण्याचे सोपस्कार. एसीचं किट लावलेल्या पद्मिनी मी पाहिल्यात, एसी चालू केला की गाडी चढाला दम टाकते. पुढच्या दारांना ती छोटी तिकोनी काच आहे ना, ती फिरवून आपल्याकडे वळवा, ४० च्या वेगाला छान वारा येतो.

जे बदल मी करतो आणि करा म्हणतो ते एवढेच: बेल्ट, हेडलाइटला रिले लावून चांगला उजेड, रेडियल टायर, आणि डायनॅमो असेल तर अल्टरनेटर. हे सगळं उलटं करता येतं आणि सुरक्षेचं आहे.

टायरवरून आठवलं. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत पण म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवीसारखी दिसत असली तरी सहा-सात वर्षांनी बदला.

विकत घ्यायची असेल तर काय बघू?

पत्रा, पत्रा आणि पत्रा. इंजिन उघडून कुठलाही चांगला मिस्त्री करून देतो, सडलेला पत्रा करून देणारे फार कमी उरलेत. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते, म्हणून खालून सडली तर नुसतं दिसण्याचं नुकसान नसतं.

एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या. दरवाजाच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ, इथे लावत जा. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मग मॅट उचला आणि पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबा. मी एकदा मित्राबरोबर नाशिककडे एक गाडी बघायला गेलो होतो, वरून आरशासारखा रंग, मालक सांगत होते एकही गंज नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खाली जुनं रेग्झिन चिकटवलेलं आणि त्याखाली सरळ जमीन दिसत होती. मित्राला रंग इतका आवडला होता की तो तरी घेऊ म्हणत होता, त्याला गाडीत बसवून परत आणायला मला अर्धा तास लागला.

कागदात मालकाचं नाव, इंजिन आणि चासी नंबर स्वतः डोळ्यांनी जुळवून बघा. जुन्या नंबरमध्ये एमएच नसतं, नुसती एमने सुरू होणारी तीन अक्षरं असतात, ते बरोबरच आहे, एमएचची पद्धत १९८९ नंतरची.

स्विफ्ट चालवणाऱ्याला पद्मिनी चालवायला किती दिवस लागतील?

चार रविवार. मुलीला गेल्या वर्षी शिकवली, तिचं लायसन्स स्विफ्टवर झालेलं. पहिला रविवार नुसता उभ्या गाडीत गेला, कारण गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर डाव्या हाताला आहे आणि हात आपोआप खाली सीटमध्ये चाचपडतो. डोळे मिटून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, न्यूट्रल असं पन्नास वेळा करून घेतलं. दुसऱ्या रविवारी सुरू करणं: चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावायचा नाही, चावी फिरवायची, पकडली की चोक अर्धा आत, आणि मिनिटभराने पूर्ण आत. चोक ओढलेला राहिला की प्लग काळे होतात आणि दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही, ते तिने एकदा केलं आणि मग प्लग तिनेच साफ केले.

तिसऱ्या रविवारी रस्ता. पुढच्या गाडीपासून स्विफ्टमध्ये ठेवता त्याच्या दुप्पट अंतर. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर करकर आवाज येतो आणि दात झिजतात. स्टिअरिंग उभ्या गाडीत ओढायचं नाही, आधी गाडी थोडी हलू द्यायची मग वळवायचं, हलकं होतं. खांब बारीक आहेत त्यामुळे बाहेरचं सगळं दिसतं, ती म्हणाली बाबा यात मला चारही कोपरे दिसतात, स्विफ्टमध्ये नाही दिसत. ते अगदी खरं आहे.

चौथा रविवार चढावर थांबून पुन्हा निघण्याचा. स्विफ्टमध्ये चढावर ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर धरून ठेवणारा हिल होल्ड असतो त्यामुळे अंगात आळस येतो, इथे हँडब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर तिन्ही एकदम जमायला लागतं. त्यासाठी रिकामा चढ शोधा, मागे कुणी नसेल असा, आणि शिकवणाऱ्याने बाहेर उभं राहून हातात एक मोठा दगड ठेवा, गाडी मागे यायला लागली की मागच्या चाकाखाली सरकवायला. आमच्याकडे तो दगड अजून डिकीत आहे.